विश्लेषण : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील गटांची फेररचना आणि १९२६ मधील एक नकार… नूट रॉकनी यांनी स्वतंत्र वाट का धरली?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नकाशा २०२४ मध्ये पुन्हा बदलला. नावात ‘दहा’ असलेल्या ‘बिग टेन’ गटातील विद्यापीठांची संख्या १८ झाली, तर पश्चिम किनाऱ्यावरचा ‘पॅक-१२’ अवघ्या दोन विद्यापीठांवर आला. या पळापळीत एक नामांकित फुटबॉल संघ मात्र कोणत्याच गटात नाही. तो म्हणजे इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठाचा. या वेगळेपणाची सुरुवात समजून घेण्यासाठी प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

येथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. विद्यापीठे एकत्र येऊन जो गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. कोण कोणाशी खेळणार, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम काय असतील आणि आजच्या काळात प्रक्षेपण हक्कांचे पैसे कसे वाटले जातील, हे या गटात ठरते. त्यामुळे गटात असणे किंवा नसणे हा केवळ प्रतिष्ठेचा नव्हे, तर पोटापाण्याचा प्रश्न असतो. ‘बिग टेन’ची स्थापना १८९६ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील सात विद्यापीठांनी केली. नोटर डेम याच भागात, पण त्यांच्यात नव्हते.

रॉकनी कोण होते?

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील वॉस येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब शिकागोत आले. शाळेनंतर त्यांनी टपाल खात्यात नोकरी करून पैसे साठवले आणि १९१० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. विषय होता रसायनशास्त्र. १९१३ च्या उन्हाळ्यात ओहायोतील सीडर पॉइंट येथे काम करताना त्यांनी सहकारी गस डोराइस यांच्यासोबत चेंडू लांब फेकण्याचा आणि झेलण्याचा सराव केला. असा पास १९०६ पासूनच नियमात बसत होता, पण संघ तो क्वचित वापरत. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नोटर डेमने याच तंत्रावर बलाढ्य आर्मी संघाला ३५-१३ असे हरवले आणि हे छोटे कॅथलिक कॉलेज देशभर माहीत झाले. पदवीनंतर रॉकनी तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले.

‘बिग टेन’चे दार बंद का राहिले?

वादाला आधीच सुरुवात झाली होती. १९१० मध्ये मिशिगनने नोटर डेमच्या खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप घेऊन ऐनवेळी सामना रद्द केला. हे दोन संघ त्यानंतर थेट १९४२ मध्ये एकमेकांसमोर आले. गटातील अनेक विद्यापीठे नोटर डेमशी सामने ठरवणे टाळत. शेजारी खेळायला तयार नसतील, तर हंगाम भरायचा कसा, हा रॉकनी यांच्यासमोरचा खरा पेच होता.

त्यात धार्मिक पूर्वग्रहाची भर पडली. त्या काळी इंडियानात कॅथलिकविरोधी ‘कू क्लक्स क्लॅन’चा मोठा जोर होता. मे १९२४ मध्ये विद्यापीठाच्या साउथ बेंड या गावातच क्लॅनचे लोक आणि विद्यार्थी यांच्यात हाणामारी झाली. रॉकनी यांनी १९२६ मध्ये ‘बिग टेन’च्या सदस्यत्वासाठी जोर लावला, पण पदरी नकारच आला. पात्रता आणि शैक्षणिक दर्जाची कारणे पुढे होती. कॅथलिक संस्थेविषयीची अढीही त्यामागे होती, असे मानले जाते.

नकाराचे त्यांनी काय केले?

शेजारी खेळत नाहीत म्हटल्यावर रॉकनी यांनी संघ रेल्वेत बसवून देशभर फिरवला. आर्मीविरुद्धचा सामना न्यूयॉर्कमध्ये होऊ लागला. त्या शहरातील आयरिश आणि इतर कॅथलिक स्थलांतरितांनी हा संघ आपला मानला. त्यातील बहुतेकांनी नोटर डेमचे आवारही पाहिले नव्हते. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डचा २७-१० असा पराभव झाला. डिसेंबर १९२६ मध्ये लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धची मालिका सुरू झाली. पहिला सामना नोटर डेमने १३-१२ असा जिंकला.

१९२९ मध्ये नवे स्टेडियम उभे राहत असल्याने संघाला घरच्या मैदानावर एकही सामना मिळाला नाही. रॉकनी पायाच्या शिरांच्या गंभीर आजाराने चाकाच्या खुर्चीवर होते. तरीही संघ त्या हंगामात हरला नाही. १३ हंगामांत त्यांनी १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी अशी नोंद केली.

३१ मार्च १९३१ रोजी लॉस एंजेलिसला जाताना कॅन्ससमध्ये त्यांचे विमान कोसळले. विमानातील आठही जण मृत्युमुखी पडले. रॉकनी ४३ वर्षांचे होते. फॉकर विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला होता. लोकक्षोभामुळे अशा विमानांची तपासणी कडक झाली आणि धातूच्या विमानांकडे कल वाढला.

आज त्याचा संबंध काय?

रॉकनी यांनी नाइलाजाने उभारलेला देशव्यापी चाहतावर्ग पुढे विद्यापीठाचे भांडवल ठरला. १९९१ पासून एनबीसी वाहिनी नोटर डेमचे घरचे सामने स्वतंत्र कराराने दाखवते. १९९९ मध्ये तर फासे उलटले. ‘बिग टेन’मध्ये जाण्याची संधी होती आणि नकार नोटर डेमने दिला. इतर बहुतेक खेळांत ते २०१३ पासून ‘एसीसी’ गटात आहे. फुटबॉलमध्ये केवळ २०२० च्या करोना हंगामापुरते ते त्या गटातून खेळले.

गटांचे गणितही बदलले आहे. १९९२ मध्ये ‘एसईसी’ने १२ संघ दोन विभागांत वाटून विभाग विजेत्यांचा अंतिम सामना सुरू केला आणि इतरांनी तोच कित्ता गिरवला. पण विभागांत समतोल राहिला नाही. ‘बिग टेन’मध्ये २०१४ ते २०२३ या दहाही वर्षी पूर्व विभागाचाच संघ विजेता ठरला. आता मोठ्या गटांनी विभाग मोडीत काढले आहेत आणि एकत्रित गुणतक्त्यातील पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात.

अशा रचनेत एकटे राहण्याची किंमत मोजावी लागते. २०२४ च्या १२ संघांच्या बाद फेरीत पहिल्या फेरीची सूट केवळ गटविजेत्यांना होती. नोटर डेमला ती मिळणे शक्यच नव्हते. तरीही संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि ओहायो स्टेटकडून २३-३४ असा हरला. रॉकनी यांच्या काळात प्रश्न होता, आत घेणार का? आज प्रश्न आहे, बाहेर किती काळ राहता येईल? गट वाढत जातील, तसे त्यांचे वेळापत्रक आपापसातील सामन्यांनीच भरेल आणि स्वतंत्र संघाला तगडे प्रतिस्पर्धी मिळवणे अवघड होईल. रॉकनी यांनी जोडलेला सदर्न कॅलिफोर्निया संघही २०२४ पासून ‘बिग टेन’मध्येच आहे.