मालकाच्या लहरीला लेखी वेसण

परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांना मुकादमाची दहशत पुस्तकातून शिकावी लागली नाही. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत संप घडविला. 1942 साली ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले.

आठवड्याचे 54 तास 48 वर आले, हे आपल्या सभांतून सांगितले जाते. पण एप्रिल 1946 च्या स्थायी आदेश कायद्याची आठवण किती जण ठेवतात? कंपनी कापडाची असो वा फर्निचरची. 100 कामगार असले की पाळी, रजा, पगाराचा दिवस, शिक्षेची कारणे, कामावरून काढण्याची रीत मालकाने लिहून काढायची, सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायची आणि कामगारांना समजेल अशा भाषेतही कारखान्यात लावायची. तोंडी हुकमावर टांगलेली भाकरी कागदावर आली!

त्याच वर्षी बाबासाहेबांनी ते पद सोडले. पुढे संविधान घडले. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती 100 ची अट 300 वर नेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागूही झाली. दीडशे सुतार-पॉलिशवाले राबतात त्या फर्निचर कारखान्याच्या मालकावर या संहितेने ही सक्ती ठेवलेली नाही.