सात बुटक्यांना स्वभाव देणारे वॉल्ट डिस्ने



मिकी माऊस कुणाला माहीत नाही? दप्तरावर मिकी, पाण्याच्या बाटलीवर मिकी! त्याला पडद्यावर आणणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांची माहिती मी आज सांगणार आहे.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. वडिलांचे नाव एलियास व आईचे नाव फ्लोरा. लहानपणी काही वर्षे ते मार्सेलीन या गावी शेतावर राहिले. पुढे कॅन्सस सिटीत पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकायची आणि मग शाळेत जायचे. मोठेपणी काढलेली त्यांची चित्रपट कंपनी १९२३ साली बुडाली. तेव्हा ते हॉलिवूडला गेले व थोरले भाऊ रॉय यांच्यासोबत नवा स्टुडिओ काढला.

तिथे त्यांचा ऑस्वाल्ड नावाचा ससा खूप गाजला. पण कागदोपत्री त्याची मालकी दुसऱ्याच कंपनीची! १९२८ साली ससाही गेला आणि बरेचसे चित्रकारही गेले. तरी डिस्ने खचले नाहीत. मित्र अब आयवर्क्स यांच्यासोबत त्यांनी मिकी तयार केला आणि त्याच वर्षी तो बोलपटात झळकला.

आता खरी गंमत ऐका. कार्टूनमध्ये एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. ती एकट्याने काढून होत नाहीत, पुष्कळ हात लागतात. आपल्या वर्गात सगळ्यांनी गणपती काढला तर प्रत्येकाची सोंड निराळी येते, नाही का? म्हणून डिस्नेंच्या स्टुडिओत प्रत्येक पात्राचा नमुना-कागद असे. पात्र डोक्याच्या किती पट उंच, पुढून कसे, पाठीमागून कसे, हसताना कसे, सगळे त्यावर काढलेले. सर्वांनी तोच समोर ठेवायचा.

पण नुसते रूप सारखे असून भागत नाही, स्वभावही ठरावा लागतो. १९३४ साली आर्ट बॅबिट या चित्रकाराने गूफीचा स्वभावच लिहून काढला. तो भोळा, विचाराने संथ, कुणावरही चटकन विश्वास ठेवणारा. म्हणून तो चालतोही तसाच सैल सैल.

हिमगौरीच्या जुन्या गोष्टीत सात बुटक्यांना नावेसुद्धा नव्हती. डिस्नेंनी स्वभावावरून नावे दिली. एक चिडका, एक लाजाळू, एक झोपाळू, एक आनंदी, एकाला सारख्या शिंका, पुढारी बोलताना गडबडतो, आणि सातवा बिनदाढीचा, तो बोलतच नाही! एवढे लांब कार्टून कोण बघणार, असे लोक म्हणत. कर्जही काढावे लागले. पण २१ डिसेंबर १९३७ रोजी चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्यासाठी १९३९ साली त्यांना एक मोठा आणि सात छोटे ऑस्कर पुतळे मिळाले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. १९४१ साली स्टुडिओत संप झाला. कामगारांची बाजू घेणाऱ्या बॅबिट यांनाच डिस्नेंनी कामावरून काढले. कागदावरच्या बुटक्यांची मने त्यांना कळली, पण आपल्याच माणसांचे गाऱ्हाणे कळले नाही, असे मला वाटते.

१५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, चित्र काढण्याआधी तो कोण, कसा चालतो, कशाला घाबरतो, हे वहीत लिहून बघा. मग चित्र आपोआप जिवंत होते. आणि शेजारी बसणाऱ्या मित्राचा स्वभावही तसाच नीट समजून घ्या, कारण तो तर खराखुरा आहे!

— इयत्ता सातवी