पंढरीच्या दारातील उपवास

आज आषाढी एकादशी. नामदेव पायरीवर मस्तक टेकवून भाविक महाद्वारातून आत जातात, तेव्हा समोरच्या चोखोबांच्या समाधीकडेही क्षणभर दृष्टी वळते. १३३८ मध्ये देह ठेवलेल्या या संताचे स्थान दाराबाहेर. आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांनाही पुढील सहा शतके तीच सीमा. ती पुसली जावी म्हणून ज्यांनी प्राण पणाला लावले, त्या साने गुरुजींचे स्मरण आज अगत्याचे आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’त एक प्रसंग आहे. वृद्ध महारणीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला धाडते. मात्र परत आल्यावर स्नान करण्यास सांगते. करुणा आणि विटाळ एकाच मायाळू मनात शेजारी शेजारी नांदत होते! पूर्वग्रह हा दुष्टांचाच दुर्गुण असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. गुरुजींनी आईची करुणा घेतली आणि स्नान सोडून दिले.

अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० साली ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले, ‘कुरल’ मराठीत आणले. परक्याविषयीची अढी त्याच्या भाषेच्या ओळखीने सैल होते, हा अनुभव त्यांनी तेथे गाठीस बांधला.

पंढरपूरच्या उपवासाचा निश्चय १९४६ च्या अखेरचा. स्नेह्यांच्या आग्रहाखातर त्यांनी तो लांबणीवर टाकला आणि महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापटांसारखे वयोवृद्ध सोबत होते, सेवा दलाची कलापथके होती. गावोगाव पाणवठे व मंदिरे खुली झाली, सहभोजने झाली. मला तर या दौऱ्याचे मोल उपवासाहूनही अधिक वाटते. उपदेश ऐकून माणूस मान डोलावतो व घरी जातो. एका पंगतीस बसलेल्याला मात्र शेजाऱ्याचा चेहरा विसरता येत नाही.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवास सुरू झाला. सनातन्यांचा विरोध प्रखर होता. अपुऱ्या माहितीमुळे गांधीजींनीही उपवास सोडण्याचा निरोप धाडला. गुरुजींनी तो नम्रपणे नाकारला. ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांची अवज्ञा करताना त्या हळव्या मनाला काय यातना झाल्या असतील! अखेर दादासाहेब मावळंकरांची मध्यस्थी फळास आली आणि १० मे रोजी उपवास सुटला. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काळाराम मंदिरासाठी १९३० पासून झुंजलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे तो मार्ग सोडून शिक्षण व राजकीय हक्कांवर भर दिला होता. त्यांच्या अनुयायांना देवळाच्या दाराची ओढ उरली नव्हती, आणि ते योग्यच होते. गुरुजींचा उपवास मुळात सवर्णांच्या अंतःकरणाला उद्देशून होता. विकार जेथे, उपचार तेथे.

दार उघडले, तरी मने एका दिवसात उघडत नाहीत. देवाचे तेज घागरीत काढून घेतल्याची कथा पुढे सांगितली जाई. म्हणजे मूर्ती विटाळली तरी देव सोवळाच! मनातील समजूत वाचविण्यासाठी माणूस किती कष्ट घेतो!

प्रांताप्रांतांतील दुरावा मिटावा म्हणून भारतीय भाषा शिकविणाऱ्या ‘आंतरभारती’चे स्वप्न गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात मांडले. ते साकार होण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, त्यांनी स्वहस्ते जीवनयात्रा संपविली.

बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार संपल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून व स्त्रियांकडून अर्ज मागविले.