फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक

टिळक म्हटले की पुणेकरांना लोकमान्यच आठवतात. पण मराठीच्या तासाला आपल्याला आणखी एक टिळक भेटले होते. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आठवते ना? घायाळ पक्षीण पिल्लांसाठी कशीबशी घरट्यापर्यंत येते आणि प्राण सोडते. ती कविता लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आता आपल्यापैकी कित्येकजण आजी-आजोबा झाले आहेत. मांडीवर चित्रांचे पुस्तक उघडून बसलेले नातवंड विचारते, मोराला रंग कुणी दिले? उत्तर देताना आपण अडखळतो. टिळकांनी या प्रश्नासाठी अर्धे आयुष्य दिले, म्हणून या स्मरणिकेत त्यांची आठवण.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कवितेची गोडी लावणारी आई जानकीबाई लहानपणीच गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. पुढे गावोगावी नोकऱ्या झाल्या, पण मन कुठेच रमेना. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला राहिल्या. देवाच्या शोधात निघालेला बाप आपल्याच मुलाला दुरावला. काही वर्षांनी घर पुन्हा जुळले. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. हसतहसत वाचताना कधी डोळे भरून येतात, कळत नाही.

टिळकांचे पुढचे बरेचसे आयुष्य अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेले. पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली. त्या काळी धर्मशिक्षण म्हणजे प्रश्नोत्तरे पाठ करणे. मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे सचित्र मासिक मुलांसाठी निघत असे, पण आजच्यासारखी रंगीत पुस्तके घरोघरी नव्हती. टिळकांनी शब्दांनीच चित्रे काढली. त्यांच्या कवितेत आधी रानातले फूल दिसते, पाखरू दिसते. मूल त्यांच्यात रमते आणि मग आपसूक विचारते, हे केले कुणी? देव तिथे छडी घेऊन उभा नसतो. ज्याने फूल घडवले त्यानेच मलाही घडवले, एवढे मुलाला उमगले की पुरे. आणि तोच पाखराचाही कर्ता असेल, तर पाखरावर दगड मारायला हात कसा उचलेल? ‘केवढे हे क्रौर्य!’ वाचताना वर्ग गप्प होतो, तो यामुळेच. फुलामुलांचे कवी हे नाव त्यांना उगीच पडलेले नाही.

1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तो हिंदूच राहिला आणि घरचाच राहिला. निसर्गाकडे भान हरपून पाहायचे, हे मात्र दोघांचे एकच होते.

आपल्या विश्रांतवाडीवरून दरवर्षी ज्ञानोबांची पालखी पुण्याकडे जाते. शाळेत असताना आपण ती रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली. टिळकांनी धर्म बदलला, पण अभंगाची ही वाट सोडली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये टाळमृदंगावर गायली जातात.

9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले.

आपल्या वर्गात सर्व धर्मांची मुले होती. कुणाचा देव कोणता, हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे. पण तो सांगायचा कसा, हे टिळकांकडून घेण्यासारखे आहे. नातवंडाने मोराच्या चित्रावर बोट ठेवले, तर उत्तराची घाई नको. आधी त्याच्याबरोबर मोर नीट पाहावा.