विश्लेषण : आमदार नव्हते, तरी निवडणुकीचे मुद्दे ठरवून गेले, कोण होते शहाद्याचे अंबरसिंग महाराज?

नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत : अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर. चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव. निवडणूक लागली की पक्ष कोणताही असो, उमेदवारांच्या बोलण्यात तेच मुद्दे येतात. आदिवासींची जमीन, वनपट्टे, हाताला काम, मजुरी, स्थलांतर आणि दारू. यातले बहुतेक मुद्दे ५० वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातील एका भिल्ल तरुणाने गावोगाव फिरून मांडले होते. त्यांचे नाव अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ते कधी आमदार झाले नाहीत. पण त्यांच्या चळवळीने मांडलेल्या प्रश्नांवर विधिमंडळाला कायदे करावे लागले.

अंबरसिंग महाराज कोण होते?

शहादा तालुक्यातील पाडळदे हे त्यांचे गाव. शिकलेल्या भिल्ल तरुणांची संख्या अगदी कमी असलेल्या काळात ते शिकले आणि सर्वोदय चळवळीच्या कामात आले. सातपुड्यात तेव्हा भूदान-ग्रामदानाचे काम चालू होते. लोकांना एकत्र आणण्यासाठी त्यांच्याकडे पक्ष नव्हता, पैसा नव्हता. होते ते भजन. रात्री मजूर कामावरून परतले की भजनाला बसायचे आणि भजनानंतर बोलणे निघायचे ते मजुरीचे, कर्जाचे, मारहाणीचे. भिल्ल आदिवासी सेवा मंडळाच्या माध्यमातून त्यांनी या कामाला संघटनेचे रूप दिले.

त्या वेळी परिस्थिती काय होती?

तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता. तो धुळे जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तापीकाठची काळी जमीन एकेकाळी मोठ्या प्रमाणावर भिल्लांकडे होती. ब्रिटिश राजवटीत सारा रोखीने भरण्याची पद्धत आली आणि जमीन गहाण टाकणे, विकणे सोपे झाले. अडीअडचणीला घेतलेले कर्ज, न वाचता उमटवलेला अंगठा आणि हातातून गेलेला सातबारा, असा हा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालला.

जमीन गेलेला माणूस मग त्याच भागात सालदार झाला. साल ठरले की वर्षभर मालकाच्या शेतावर राबायचे. आधी उचललेले पैसे फिटले नाहीत तर पुढचे सालही तिथेच. त्यातच पिकांच्या राखणीसाठी पीक संरक्षण सोसायट्या होत्या. त्यांच्या राखणदारांकडून चोरीच्या संशयावरून मजुरांना मारहाण आणि दंड होत असे. शेतावर काम करणाऱ्या बायकांवरील अत्याचाराच्या तक्रारीही होत्या. तक्रार करायची तर कुठे, हाच प्रश्न होता.

पाटीलवाडीत काय घडले?

२ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. दिवस टंचाईचे होते आणि वाद धान्य मागण्यावरून पेटला होता. या घटनेत एका आदिवासीचा जीव गेला. तोपर्यंत भजन, बैठका आणि अर्ज-विनंत्या एवढ्यावर चाललेले काम या घटनेनंतर बदलले. सर्वोदयी कार्यकर्ते शहाद्यात आले, पाठोपाठ शहरांतील शिकलेले तरुणही आले. त्यांपैकी कुमार शिराळकर हे आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर. ते पुढे आयुष्यभर याच चळवळीत राहिले.

जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भू-मुक्ती मेळावा झाला. मागणी सरळ होती : फसवून घेतलेली जमीन परत द्या. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून आलेल्या तरुणांचा ओढा डाव्या विचारांकडे होता, तर अंबरसिंग महाराज सर्वोदय आणि भजनातून घडलेले. तरीही प्रश्न सालदाराचा आणि जमिनीचा होता, म्हणून दोन्ही प्रवाह एका मोर्चात चालले.

बायकांनी दारूचा मुद्दा का घेतला?

संघटनेच्या बैठकांना बायका येऊ लागल्या, तसा चळवळीचा अजेंडा रुंदावला. मजुरी वाढवून घ्यायची आणि ती गुत्त्यावर जायची, तर घरात काय उरणार? १९७२-७३ मध्ये शहादा परिसरात बायकांचे जथे गावोगाव गेले, दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचे नाव येते ते यामुळे.

विधिमंडळाने काय केले?

मार्च १९७२ मध्ये राज्यात विधानसभा निवडणूक झाली. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. याच विधानसभेच्या कार्यकाळात आदिवासींच्या जमिनीविषयीचे दोन महत्त्वाचे कायदे झाले.

पहिला बदल जमीन महसूल संहितेत झाला. कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय देता येत नाही. विक्री, गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, सगळे त्यात आले.

दुसरा कायदा जमीन परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन मूळ आदिवासी मालकाला परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. हा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला.

रोजगार हमीचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावाजवळ हक्काचे काम मिळाले, तर मजुराला मिळेल त्या अटींवर साल धरावे लागत नाही.

हे सगळे एकट्या शहाद्यामुळे झाले असे नाही. ठाणे जिल्ह्यात भूमी सेनेसारख्या संघटनाही याच मागणीसाठी लढत होत्या. पण प्रश्न सभागृहापर्यंत नेण्यात शहाद्याचा वाटा मोठा होता.

अंबरसिंग महाराजांनी हे पाहिले का?

नाही. १९७४ मध्ये तरुण वयातच त्यांचे निधन झाले. जमीन परत देणारा कायदा लागू झाला तेव्हा ते हयात नव्हते. श्रमिक संघटनेचे काम मात्र सुरू राहिले. वाहरू सोनवणे यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते आणि कवी याच चळवळीतून पुढे आले.

मग आज हे मुद्दे पुन्हा का येतात?

कारण कायदा आणि अंमलबजावणी यांत अंतर राहिले. जमीन परत मिळवायची तर जुने कागद, वारसांच्या नोंदी आणि महसूल कार्यालयाच्या तारखा, हे सगळे मजुराला सांभाळावे लागते. कायदेशीर व्यवहारातून गेलेली जमीन परत घेताना त्याला हप्त्यांनी रक्कमही भरावी लागते.

वनजमिनीचा प्रश्न वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला प्रत्यक्ष कसत असलेल्या, पण ४ हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीवर हक्क मिळतो. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावावर होतो. पण दावा फेटाळला, क्षेत्र कमी दाखवले किंवा पट्टा मिळूनही सातबाऱ्यावर नोंद झाली नाही, की माणूस पुन्हा चकरा मारू लागतो.

आणि स्थलांतर. दिवाळीनंतर सातपुड्यातील पाड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कामावरून हलता येत नाही. सालदाराची उचल आणि ऊसतोड मजुराची उचल यांत फार फरक नाही.

मतदाराने उमेदवाराला काय विचारावे?

२००९ च्या निवडणुकीपर्यंत शहादा मतदारसंघ खुला होता. त्या निवडणुकीपासून तो राखीव झाला आणि जिल्ह्यातील चारही जागा आदिवासी प्रतिनिधींकडे आल्या. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. म्हणजे प्रतिनिधी आपल्यातलाच असावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न कामाचा आहे.

त्यामुळे प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी नेमक्या विचारता येतात. आपल्या तालुक्यात जमीन परत मिळण्याची किती प्रकरणे पडून आहेत? वनहक्काचे किती दावे प्रलंबित आहेत आणि मिळालेल्या पट्ट्यांची सातबाऱ्यावर नोंद झाली का? दिवाळीआधी रोजगार हमीची किती कामे सुरू होतील? आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची ग्रामपंचायतीत नोंद ठेवली जाते का?

सालदाराची मजुरी काय, कर्ज किती आणि जमीन कोणाच्या नावावर, हे अंबरसिंग महाराज गावोगाव विचारत फिरत. मत मागायला येणाऱ्याकडेही या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत असायला हवीत.