गंधर्वांची रंगपेटी आणि आपली पर्स

मैत्रिणींनो, लग्नसराई आली की पंचवटी कारंजाकडच्या दुकानांत काय झुंबड उडते ते मी वेगळं सांगायला नको. काचेच्या काउंटरवर लिपस्टिकच्या तीस छटा, शेजारी फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, प्रायमर आणि अजून कसकसल्या बाटल्या. आपल्या पर्समध्ये मात्र मोजके पैसे! मग कशावर चार पैसे जास्त टाकायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा? हा विचार करताना मला नेहमी एक पुरुष आठवतो. हो, पुरुषच! महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या बायकांना ज्यानं नटावं कसं ते दाखवलं, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताचीच, पण गळा असा की लहानग्या नारायणाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं आणि तेच नाव आयुष्यभर चिकटलं. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाला आधार दिला आणि १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. मंडळीला गाणारी नायिका हवीच होती. स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले होते. घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही असा तो काळ. पुढे १९१३ मध्ये आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनाही ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या तरुणालाच लुगडं नेसवावं लागलं!

नारायणरावांची शकुंतला लोकांनी डोक्यावर घेतली. मग आलं खाडिलकरांचं ‘मानापमान’. १२ मार्च १९११ ला त्याचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. बापानं चेहऱ्याला रंग लावला, भामिनी झाला आणि गायला. त्या रंगाखाली काय दडलं असेल, याचा विचार केला की माझ्या तर अंगावर काटा येतो.

‘मानापमान’ची गोष्ट आठवते ना? श्रीमंताघरची भामिनी शूर पण गरीब धैर्यधराला तुच्छ लेखते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर प्रत्यक्षात भित्रा निघतो. मग हीच भामिनी साध्या वेषात वनमाला बनून येते आणि धैर्यधराच्या प्रेमात पडते. झगमगाट आणि खरी किंमत यांचीच ही गोष्ट. नारायणराव ती वर्षानुवर्षं रंगवत होते, पण स्वतःच्या पेढीवर त्यांनी तिच्यातलं काही घेतलं नाही, असं माझं आपलं मत.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणेशराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि थाटाला पारावार उरला नाही. नाटकातलं आहे म्हणून खोटं चालेल, हे त्यांना मान्यच नव्हतं. भरजरी शालू खरे, दागिने खरे, अत्तर उंची. पाहायला आलेल्या बायका त्यांची नेसण्याची तऱ्हा, केसांत गजरा माळण्याची ढब डोळ्यांत साठवून घरी नेत आणि तसंच करून बघत. त्यांच्या नावावर साबणसुद्धा खपले. आज हिरॉइनला पाहून आपण लिपस्टिक घेतो ना, तेच!

आता जरा रंगपेटीकडे येऊ. त्या काळच्या नटांच्या पेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ असायचं. पिवडी ही साधी पिवळी माती. सफेदा जस्ताचा असला तर ठीक, शिशाचा असला तर विषच. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हे तासन्‌तास चेहऱ्यावर ठेवायचं आणि पहाटे खोबरेल तेल चोळून उतरवायचं. किती नटांच्या कातडीनं याची किंमत मोजली असेल कोण जाणे!

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२३ मध्येच बातमी आली होती. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरं करणाऱ्या क्रीममुळे इजा झाली आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला त्यात बंदी आहे, पण लेबल नसलेल्या डबीला कसला नियम?

म्हणून आमच्या बचत गटात कुणी विचारलं की मी सांगते, जी वस्तू कातडीवर बराच वेळ बसते, डोळ्यांत जाते किंवा पोटात जाते, तिथे पैसे टाका. फाउंडेशन लावत असाल तर ते चांगलं घ्या आणि आपल्याच रंगाचं घ्या. दोन छटा उजळ घेतलं तर चेहरा एकीकडे आणि मान दुसरीकडे अशी गत होते. काजळ चांगलं घ्या. लिपस्टिक चांगली घ्या, कारण जेवताखाता थोडी पोटात जातेच. आणि हो, कुंकू! ते आपण मेकअपमध्ये धरतच नाही. हळदीचं कुंकू वेगळं आणि लालभडक सुटा शेंदूर वेगळा. स्वस्त शेंदरात शिसं सापडलेलं आहे. टिकलीच्या डिंकामुळे कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. तिथे दहा रुपये वाचवून काय मिळवायचं? उलट नेलपॉलिश, पिना, गजऱ्याच्या क्लिपा, ब्लशर लावायचा ब्रश हे साधं घेतलं तरी चालतं. प्रायमर आणि बारा रंगांची आयशॅडोची पेटी वर्षातून दोन लग्नांसाठी घ्यायची असेल तर मैत्रिणीकडून मागून आणू नका, घेऊच नका! मेकअप उतरवायला आजही खोबरेल तेल पुरतं. फक्त नंतर चेहरा नीट धुवा, नाहीतर पुटकुळ्या येतात.

महाग ते चांगलं, असंही नाही. पाकिटावर कंपनीचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख आहे का ते आधी बघायचं. उघड्या झाकणाच्या चित्रात ६ एम, १२ एम असं लिहिलेलं असतं, तितके महिने ती वस्तू उघडल्यावर वापरायची. वाल्मीकींच्या रामायणात अनसूयेनं सीतामाईला कधी न कोमेजणारी माळ, वस्त्रं आणि उटणं दिलं, मग ती मंडळी आपल्या पंचवटीत आली. त्या उटण्याला एक्स्पायरी नव्हती. आपल्या मस्काऱ्याला आहे, तीन ते सहा महिने.

नारायणरावांनी मात्र सगळ्यावरच सारखा हात सैल सोडला. १९१६ चं ‘स्वयंवर’ तुफान चाललं. त्याच्या चाली गुरू भास्करबुवा बखले यांच्या. साथीला पुढे तबल्यावर थिरकवाँसाहेब आणि सारंगीवर कादरबक्ष असे मातब्बर. हा खर्च मात्र मी सार्थकी लागलेला मानते, त्याशिवाय ते गाणं झालंच नसतं. पण १९२० च्या ‘द्रौपदी’च्या थाटामाटानं मंडळी कर्जात बुडाली आणि पुढची काही वर्षं खेळ करकरून ते फेडावं लागलं. त्याच ओढाताणीत ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झालं, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी.

गंमत बघा, ज्या भूमिकेनं बायकांच्या डोळ्यांचं पाणी खळेना, त्या सिंधूच्या अंगावर ना शालू होता ना अत्तर. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये १९१९ पासून नारायणराव ही दारुड्याची बायको करायचे. साधं लुगडं, अंगावर दागिना नाही, आणि जात्यावर दळण. बायका पदर डोळ्यांना लावूनच बाहेर पडायच्या.

बोलपट आले आणि नाटकांचे दिवस फिरले. मंडळी मोडली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी पुरुषवेषात एकनाथ महाराज केले, पण मन रमलं नाही. ते पुन्हा लुगडं नेसून रंगमंचावर आले. वय दिसायला लागलं होतं. कितीही जाड रंग लावला तरी पन्नाशीची रुक्मिणी षोडशा कशी दिसणार? शिवाय आता खऱ्या बायका रंगमंचावर आल्या होत्या. त्यांच्यातल्याच गोहरबाई कर्नाटकी १९३८ मध्ये त्यांच्या मंडळीत आल्या. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या, पुढे १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी लग्न केलं. लोकांनी नावं ठेवली. गोहरबाईंनी मात्र १९६४ मध्ये जाईपर्यंत त्यांना सांभाळलं.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण असे मान मिळाले, पण पैसा नव्हता. पायांनी साथ सोडली होती. शालू नाही, रंग नाही, बसल्या जागी भजनं म्हणायची, आणि लोक तेही ऐकायला यायचे. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले. पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. दागिने, गालिचे कुठे गेले कुणास ठाऊक. ध्वनिमुद्रिका तेवढ्या आहेत. ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीची पदं अजूनही ऐकायला मिळतात, एकदा निवांतपणे लावून बघाच!