वाल्देमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने प्रवेश केला. घराघरांतून आकांत उठला. लोक शहर सोडून पळू लागले. अशा संकटसमयी, ऑक्टोबरात, वाल्देमार हाफकिन मुंबईस आले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस शोधून काढली होती. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह, त्यांनी प्लेगच्या जीवाणूंवर प्रयोग आरंभिले. जीवाणू वाढवून व उष्णतेने मारून त्यांनी लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. त्या त्यांनी सोसल्या आणि मगच ती लस इतरांना दिली. पुढे लाखो लोकांनी ती टोचून घेतली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः दोष लशीचा नव्हता. त्या गावी बाटली उघडताना ती दूषित झाली असावी, असे दिसून आले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पुढे प्रतिजैविके निघाली व प्लेग बरा होऊ लागला. तरी हा शत्रू निःशेष झाला नाही. १९९४ साली मराठवाड्यात, लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. १९९५ साली मादागास्कर बेटावरील एका रुग्णात तर अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा प्लेगचा जीवाणू सापडला. शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली, तेव्हा या प्रतिकाराचे मूळ प्लाझ्मिडमध्ये असल्याचे कळले. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळे, बहुधा कड्यासारखे असलेले जनुकद्रव्य. एक जीवाणू त्याची प्रत दुसऱ्यास देऊ शकतो. मग तो दुसराही औषधाला जुमानत नाही.

औषध असे निष्प्रभ होऊ लागले, म्हणजे रोग होऊच न देण्याच्या मार्गाचे मोल कळते. त्याच मार्गासाठी हाफकिन यांनी स्वतःचे प्राण पणाला लावले होते.